जाड पुस्तकाला उजवा कौल

खालची वाडी, मालवण
ता. ९ नोव्हेंबर १९५७

चि. विश्राम यास,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. तोपर्यंत तुझी तो घ्यायची हिंमत राहिली तर.

तुझ्या मंडळाने धाडलेला पियानो पोचला. आगबोट बंदराबाहेर उभी राहिली, तिथून पियानो पडावात आला आणि पडावातून थेट वाळूत रुतला. मग वासे बांधून त्याला वाचनालयापर्यंत आणला. देवीच्या पालखीलासुद्धा एवढी माणसं लागत नाहीत. शेवंतीची सासू जवळ जाऊन झाकण उघडून बघून आली आणि म्हणाली, "एवढां मोठां कपाट, आणि आत काय ठेवूक जागाच नाय!"

तू हे पत्र मंडळाच्या सभेत वाचून दाखवणार, म्हणून सगळ्यांना माहीत असलेलंच पुन्हा लिहिते. ऐका. गावाने मुंबईकरांकडे मागितली होती भजनाची पेटी. पण वरच्या वाडीच्या मुंबईकरांनी त्यांच्या देवळाला लंबकाचं घड्याळ दिलं, मग आपलं मंडळ मागे कसं राहील? कुणा साहेबाच्या घराच्या लिलावात पियानो मिळाला, तो उचलला. वाजवणार कोण, हा प्रश्न बोट सुटल्यावर पडला. तेव्हा तुम्हाला आठवलं की विश्रामच्या मधल्या भावाची विधवा बायको लग्नाआधी मुंबईत एका पारशीणबाईंकडे पियानो शिकली होती.

मी शिकवायला तयार झाले. शाळा सुटल्यावर रोज एक तास वर्ग भरतो. दाजींनी, म्हणजे तुझ्या थोरल्या भावाने, अट घातली आहे. घराचे कर्ते तेच आणि वाचनालयाचे अध्यक्षही तेच, तेव्हा अपील कुठे करायचं? गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मुलांनी गावासमोर वाजवून दाखवलं तर वर्ग राहील. नाहीतर पियानो परत बोटीवर, आणि त्या जागी कॅरम. ही अट त्यांनी मला सांगितली नाही. या घरात थोरले दीर भावजयीशी बोलत नाहीत, हे तुला सांगायला नको. त्यांनी ती आपल्या बायकोला, रुक्मिणीवहिनींना सांगितली, मी दाराआडून ऐकली, आणि मग वहिनींनी ती मला नव्याने सांगितली.

आता पुस्तक. विश्राम, ते तू उघडून पाहिलंस का? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यात एक गाणं नाही. उजव्या हाताने वर जा, खाली या. मग डाव्या हाताने वर जा, खाली या. मग दोन्ही हातांनी तेच. अक्षरं मोहरीएवढी. पोरं उत्साहाने आली होती, वाचनालयात बसायला जागा नव्हती. आता निम्मीसुद्धा येत नाहीत. बाबू तर मला म्हणाला, "बाय, ह्यां वर-खाली करूक आमच्या घराकडे माड आसत."

मला काय हवं ते नीट वाच. मोठी अक्षरं. एका पानावर एक छोटी चाल, जी पाच बोटांत बसेल. चित्र असलं तर उत्तम. आणि मुलाला घरी जाताना वाटेत गुणगुणावीशी वाटली पाहिजे. एवढंच. समुद्र आणायला सांगत नाही.

तुझी वहिनी
सुगंधा

(आशीर्वाद घे.)


गिरगाव, मुंबई
ता. १९ नोव्हेंबर १९५७

ती. सुगंधावहिनीस,

नमस्कार वाकून करतो आहे, म्हणजे टपली चुकेल.

पत्र सभेत वाचलं. शेवंतीच्या सासूच्या वाक्याला सगळे हसले, त्यापुढे जे होतं त्याला कुणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, जे पुस्तक विलायतेत परीक्षेला लावतात तेच आपल्या गावात चालायला हवं, खालची वाडी काही कमी नाही. हात वर करून मतदान झालं. जाड पुस्तकाच्या बाजूने ठराव पास. मी तुझ्या बाजूने हात वर केला होता, पण अर्धाच, कारण शेजारी अध्यक्ष होते.

खरं सांगायचं तर मला त्या दुकानात काहीच कळत नाही. धोबीतलावाला दुकान आहे, मालक म्हातारा गोंयकार. भिंतभर पुस्तकं, सगळ्यांत मुंग्याच मुंग्या. मी जाड होतं ते घेतलं. जाड पुस्तक म्हणजे त्यात काहीतरी असणारच.

तू म्हणतेस तसं सोपं, थोड्या मुंग्यांचं पुस्तक आज घेतलं आहे. दुकानातल्या पोराला म्हटलं, हळू वाजवायचं असेल असं दे. खलाशी जानूकाका येतायत, त्यांच्याबरोबर धाडतो. अध्यक्षांना सांगू नकोस.

तुझा
विश्राम


खालची वाडी, मालवण
ता. २१ डिसेंबर १९५७

विश्रामभावजी यांस,

मी तुला भावजी कधी म्हणते हे तुला माहीत आहे.

पुस्तक पोचलं. अक्षरं मोठी, चाली सोप्या, वेग हळू. सगळं तू सांगितल्यासारखं. मी पहिली चाल वाजवली आणि मला शंका आली. दुसरी वाजवली आणि खात्री पटली. वरती मथळा वाचला. भावजी, मॅट्रिकला इंग्रजीत तुला किती गुण होते? हे सगळं प्रेतयात्रेचं संगीत आहे! विलायतेत माणूस गेलं की वाजवतात ते. तोवर मुलांनी पहिली चाल उचललीसुद्धा, कारण सोपी आहे. संध्याकाळी तीन पोरं ती एकत्र वाजवत होती, तर रस्त्यावरून जाणारी सीताकाकी आत डोकावून विचारते, "कोण गेला गो?"

आगीतून निघून फुफाट्यात.

मग मी स्वतःच काहीतरी करायचं ठरवलं. आपल्या फुगड्यांची गाणी कागदावर उतरवली, मोठ्या अक्षरांत, रात्रंदिवस बसून. वाटलं, ओळखीची चाल आहे, मुलं उड्या मारतील. मुलांनी एकदा वाजवून बाजूला ठेवली. म्हणाली, ही आम्हाला येतातच. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कावेरीची आई दारात उभी. "फुगडी शिकूक पियानो कित्याक होयो? फुगडी मी शिकवतंय. आमच्या चेडवाक ता साहेबांचां शिकव." म्हणजे पोरांना परकीच चाल हवी आहे, पण गुणगुणता येईल अशी. हे मला कळलं नव्हतं, आता कळलं.

मुलं गळत चालली आहेत. पाडव्याला मी काय, मयताचं वाजवून दाखवू?

एक चांगलं पुस्तक. एक. एवढ्या मोठ्या मुंबईत.

सुगंधा


गिरगाव, मुंबई
ता. ३० डिसेंबर १९५७

ती. वहिनीस,

तुझं पत्र वाचून मला राग आला. तुला कळावं म्हणून लिहितो.

मी काय गवई आहे? दिवसभर गोदामात गोणी मोजतो, शनिवारी अर्धी सुट्टी मिळते ती त्या दुकानात घालवतो, तिथला पोरगा मला बघून आतल्या आत हसतो. मंडळाचे अध्यक्ष एकीकडे आणि तू दुसरीकडे. दोन्हीकडून टाळ्या वाजतात आणि मध्ये माझा गाल.

शिकव ना जे आहे ते. मुलं टिकली तर टिकली, नाहीतर पियानो परत येईल, आम्ही भजनाची पेटी पाठवू, भजनवाले खूश होतील. गावाला तीच हवी होती. एवढ्याशा गोष्टीचं तुला इतकं का लागतंय, तेच मला समजत नाही. तुला पुस्तकाची हौस असेल तर दिवाळीला चांगली कादंबरी धाडतो.

विश्राम


खालची वाडी, मालवण
ता. ८ जानेवारी १९५८

विश्राम,

तू विचारलंस म्हणून सांगते. हे पत्र सभेत वाचू नकोस.

मी सून म्हणून आले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, आणि सारखा माझ्या मागे मागे असायचास. म्हणून तुला या घराचं मागचं दार चांगलं माहीत आहे. तुझे मधले भाऊ गेल्यापासून मी त्याच दाराने विहिरीवर जाते आणि त्याच दाराने आत येते. मला कुणी छळत नाही. दाजी चांगले आहेत, रुक्मिणीवहिनी माझ्या ताटात आधी वाढतात. पण मी या घरात चुलीसारखी आहे. असते, लागते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

वर्ग सुरू झाला आणि मी पुढच्या दाराने बाहेर पडले. दिवसाउजेडी, हातात पुस्तक घेऊन, रस्त्याच्या मधून. त्या तासात मला कुणी "मधली" म्हणत नाही. मुलं बाय म्हणतात, चुकलं तर माझ्याकडे बघतात. मी शिकवते तेव्हा मला माझा आवाज ऐकू येतो, मी विसरले होते तो कसा आहे.

पियानो परत गेला तर गेला, असं तू लिहिलंस. पियानो जाईल, त्याच्याबरोबर हा तासही जाईल, आणि मी पुन्हा मागच्या दाराने जायला लागेन. मग ते कायमचं. पुढचं दार बायकामाणसाला पुन्हा पुन्हा उघडत नाही.

मुलं टिकली तर तास टिकेल, आणि मुलं टिकतील ती पुस्तकावर. म्हणून लागतंय मला इतकं. कादंबरी नको.

सुगंधा


गिरगाव, मुंबई
ता. २७ जानेवारी १९५८

प्रिय वहिनी,

पत्र कुणालाही वाचून दाखवलं नाही. दोनदा वाचलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं. मग काय केलं ते लिहितो.

आपल्या गावच्या खोलीत आम्ही किती जण राहतो तुला माहीत आहे. त्यातले दोघे मी शनिवारी दुकानात नेले. एक धोंडू, गिरणीतला, ज्याला देवळातल्या घंटेपलीकडे संगीत ठाऊक नाही. दुसरा सत्यवान, गोदीतला, ज्याला ते आवडतच नाही. म्हाताऱ्या गोंयकाराला म्हटलं, बाबा, मला वाचता येत नाही, तुम्ही नवशिक्या पोरांच्या प्रत्येक पुस्तकातलं पहिलं पान वाजवा. तो उठून दुकानातल्या पियानोकडे गेला. म्हणाला, "इतकीं वर्सां दुकान चलयतां, अशें कोणेंच विचारूंक ना." आणि बसला वाजवायला. वाजवता वाजवता तोही रंगला.

धोंडू म्हणाला सगळीच बरी आहेत. सत्यवान म्हणाला सगळीच सारखी आहेत. मी पंचाईतीत. चार पुस्तकं म्हाताऱ्याने बाजूला ठेवली आणि म्हणाला, घाई करू नको, जाऊन झोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणात होतो आणि मोरीत धोंडू दात घासत होता. तोंडात मंजन, आणि नाकातून चाल! चारातली तिसरी. सत्यवान ओरडला, "गप रव रे, सकाळीच कित्याक रडतंस?" सोमवारी मोरीत सत्यवान होता. तीच चाल. त्याला सांगितलं तर म्हणतो, माझी नव्हेच ती.

तर वहिनी, तेच पुस्तक धाडलं आहे. पातळ आहे. वर मांजराचं चित्र आहे. म्हाताऱ्याने सांगितलं की हात जागचा हलवायला लागत नाही, पाच बोटांत सगळं. मोरीच्या परीक्षेत पास झालेलं पुस्तक आहे, विलायतेची परीक्षा गेली चुलीत.

एक वाईट बातमी. अध्यक्षांना कुणकुण लागली. त्यांनी दाजींना मंडळाच्या शिक्क्यासह पत्र पाठवून ठरावाची आठवण दिली आहे. मी अडवायला हवं होतं. अडवू शकलो नाही.

तुझा
विश्राम


खालची वाडी, मालवण
ता. १४ फेब्रुवारी १९५८

चि. विश्राम यास आशीर्वाद, आधीच आणि भरपूर. कारण पुढे मी रागावणार आहे, पण तुझ्यावर नाही.

मांजराचं पुस्तक आलं. काय सांगू तुला! पहिल्या दिवशी एक चाल शिकवली, दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर सगळी पोरं ती गात होती. गळालेली परत आली. कावेरी तर इतकी घाई करते की मांजर कुत्र्याच्या तोंडी सापडल्यासारखं वाटतं. बाबूने मला विचारलं, पुढचं पान कधी? विश्राम, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी पुढचं पान विचारलं.

आणि मग तुमच्या अध्यक्षांचं पत्र आलं.

दाजी अडचणीत सापडले. मंडळ सांगतं जाड, मुलं सांगतात पातळ. मुंबईकरांना नाही म्हणावं तर पुढच्या वर्षी देवळाच्या कौलांना हातभार कोण लावणार? वाचनालयाची कमिटी बसली, सुपारी कातरली, आणि शेवटी ठरलं ते आपल्या गावाला साजेसंच. "देवीक इचारूया."

होय. पियानोचं पुस्तक कुठलं हे देवी सातेरीला विचारलं. दोन्ही पुस्तकं देवळात नेली. बाबली गुरवाने गाऱ्हाणं घातलं. मी बायकांत उभी राहून ऐकलं: "हे बाये सातेरी माये, मुंबयकारांनी धाडलेलां ह्यां जाड पुस्तक शिकवूचां असात तर उजवो कौल दी, नाय शिकवूचां असात तर डावो दी, आणि लेकराबाळांचां बरां कर..." आणि सगळे पुरुष एकसुरात, "व्हय म्हाराजा!" पाण्यात भिजवून मूर्तीला पाकळ्या लावल्या. खाली पडली ती उजवीकडची.

जाड पुस्तकाला उजवा कौल!

आता पोरं पुन्हा वर जातात, खाली येतात. मांजराचं पुस्तक कपाटात. बाबू आज आलाच नाही. देवीवर रागावू नये म्हणतात, मी रागावत नाही. पण तिला कुणी पियानो ऐकवलाय का? त्या पुस्तकातलं एक पान तिच्यासमोर वाजवलं असतं तर पाकळीच काय, ती स्वतः डावीकडे सरकली असती. आणि पाडवा तोंडावर आला आहे.

सुगंधा


गिरगाव, मुंबई
ता. २० फेब्रुवारी १९५८

ती. वहिनी,

कौलाची बातमी तुझ्या पत्राआधी इथे पोचली होती. मंडळाने पेढे वाटले. "देवीने आमचा ठराव मंजूर केला," असं अध्यक्ष जो भेटेल त्याला सांगतायत. धोंडूने पेढा घेतला नाही. मी घेतला आणि सत्यवानाला दिला.

देवीपुढे माझं काही चालत नाही, तुझं चालतं का बघ. मंडळाने कॅरमही घेऊन ठेवला आहे, माझ्याच उशाशी उभा आहे. रात्री कूस बदलली की डोक्याला लागतो.

विश्राम


खालची वाडी, मालवण
ता. ७ मार्च १९५८

चि. विश्राम यास,

कॅरम उशापासून दूर कर. आणि बसून वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कुळीथ निवडत होते आणि गाऱ्हाणं डोक्यात फिरत होतं. "पुस्तक शिकवूचां असात तर." शिकवायचं. बरं. पण कुणाला? ते कुणी विचारलंच नाही! मी तसंच सूप खाली ठेवलं आणि रुक्मिणीवहिनींना म्हटलं. त्या पदर खोचून नारळ घेऊन बाबलीकडे गेल्या. मी नको म्हणायच्या आत.

बाबली गुरव म्हणजे नियमाचा पक्का. तो दाजींना येऊन म्हणाला, "प्रश्न अर्धोच इचारलो हा तो. अर्ध्या प्रश्नाचो कौल धरून ठेवलास तर देवीचो कोप होतलो. कोणाक शिकवूचां, ता इचाराक व्हया." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कमिटीला जावं लागलं.

पुन्हा गाऱ्हाणं. "ह्यां जाड पुस्तक लहान पोरांक शिकवूचां असात तर उजवो दी, मोठ्या माणसांक शिकवूचां असात तर डावो दी." व्हय म्हाराजा. पाकळी डावीकडून पडली. मग रुक्मिणीवहिनी मागून मोठ्याने म्हणाल्या, "मगे? मोठी माणसां म्हणजे कमिटीच मां?"

त्यामुळे मांजर कपाटाबाहेर आलं. मुलं सुटली, गाताहेत, बाबू परतलाय. आणि मुलांचा तास संपला की कमिटीचा सुरू होतो. पहिल्या दिवशी सगळे आले, दुसऱ्या दिवशी एकाचा गुडघा दुखला, दुसऱ्याला वेंगुर्ल्याला जायचं आलं, आता राहिलेत फक्त दाजी. अध्यक्षाने देवीचा शब्द कसा मोडायचा?

तुझे थोरले भाऊ पियानोसमोर बसलेत ही कल्पना कर. आयुष्यभर काथ्याच्या गठड्या बांधून झालेली ती बोटं. एक पट्टी दाबायला गेली की दोन दबतात. आणि त्याहून मोठी पंचाईत अशी की ते माझ्याशी बोलत नाहीत, मी त्यांच्याशी बोलत नाही, आणि शिकवायचं तर आहे. मग मध्ये रुक्मिणीवहिनी सूप घेऊन बसतात.

दाजी म्हणतात, "तिका इचार, अंगठो आतसून घेवचो काय भायरसून?"

मी म्हणते, "वहिनी, त्यांना सांगा, आतून."

वहिनी म्हणतात, "आतसून म्हणता."

मग दाजी बाहेरून घेतात.

तिसऱ्या दिवशी वहिनी वैतागल्या. "तुमका दोघांकव ऐकाक येता मां? मगे माका मधी दगडासारख्यां कित्याक बसवल्यात?" चौथ्या दिवशी त्या पुन्हा येऊन बसल्या.

हसू आवर. मला अजून कळलेलं नाही की हे सगळं वर्गाच्या बाजूने जातंय की विरुद्ध. चारचौघांसमोर बोटं अडखळतात, त्याचा राग माणूस कुणावर काढतो? पियानोवर. पाडव्यानंतर निर्णय त्यांचाच आहे.

सुगंधा


गिरगाव, मुंबई
ता. १३ मार्च १९५८

वहिनी,

दाजी? आमचे दाजी? मी लहानपणी शिट्टी वाजवली म्हणून ज्यांनी मला दुपारभर खांबाला धरून उभा केला, ते दाजी?

माझा विश्वास बसत नाही आणि मला भीतीही वाटते. तू म्हणतेस तेच खरं, त्यांना हसलेलं चालत नाही. तू हसू नकोस. मुलांनाही हसू देऊ नकोस. त्यांच्या अंगठ्याची फार काळजी घे.

पाडव्याचं लगेच कळव. कॅरम खोलीबाहेर जिन्यात ठेवला आहे, पण बोटीच्या तारखा अध्यक्षांच्या खिशात आहेत.

विश्राम


खालची वाडी, मालवण
ता. २५ मार्च १९५८

चि. विश्राम यास,

पाडवा झाला. मुलांनी वाजवलं. कावेरीने मांजर भरधाव पळवलं, बाबू मध्येच विसरला, मग पुन्हा पहिल्यापासून वाजवून गेला, लोकांनी त्यालाच जास्त टाळ्या दिल्या. वरच्या वाडीची माणसं मागे उभी होती. त्यांतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आमच्या घड्याळाक काय, ता नुसतां वेळच सांगता." बायका उठून जाताना चाल गुणगुणत गेल्या. तुझ्या धोंडूला सांग.

दाजी पहिल्या रांगेत बसले होते. टाळी वाजवली नाही. कार्यक्रम संपल्यावर उठून घरी गेले. जेवताना रुक्मिणीवहिनींनी विचारलं, "कशी वाजवल्यानी पोरांनी?" तर म्हणाले, "आमटीत मीठ कमी आसा."

मी रात्री चुलीजवळ बसून समजून घेतलं की वर्ग संपला. झालं. आमटीत मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी वाचनालयाची किल्ली घ्यायला खुंटीकडे गेले. रोज ती तिथे असते. नव्हती. रुक्मिणीवहिनी माहेरी गेल्या होत्या, विचारायला कुणी नव्हतं. मला इतका राग आला, विश्राम, की मी घाबरायचीच विसरले. म्हटलं, दार बंद असलं तर बंद दारापर्यंत तरी पुढच्या दाराने जाईन. पदर नीट घेतला, मांजराचं पुस्तक उचललं आणि निघाले.

दार उघडं होतं. मुलं अजून यायची होती. आत दाजी एकटेच पियानोसमोर. जाड पुस्तक उघडलेलं. दोन्ही हातांनी वर जात होते, खाली येत होते. अंगठा आतून घेत होते. बरोबर घेत होते.

मी दारातच थांबले. मध्ये बसायला वहिनी नव्हत्या. पान संपलं. दोन्ही हात पट्ट्यांवर, ते उचलले तर बोटांची जागा चुकेल हे त्यांना आता कळतं. ते वाट बघत राहिले. खोकले. छताकडे बघितलं. पुन्हा खोकले.

मग त्यांनी मान न वळवता म्हटलं, "सुगंधा, पान उलट गो."

मी या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांना ते माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. मी पुढे गेले आणि पान उलटलं. त्यांनी नव्या पानावर डोळे लावले आणि चुकले. मी म्हटलं, "चौथं बोट." त्यांनी चौथं घेतलं.

मग मुलं आली आणि ते उठले. जाताना किल्ली पियानोवर माझ्या बाजूला ठेवली. त्यानंतर ती खुंटीवर गेलेली नाही, माझ्या कनवटीला असते.

आता काम. मंडळाला सांग, कॅरम वरच्या वाडीला द्या. धोबीतलावाच्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग आणि मांजराच्या पुस्तकाच्या पुढचं, मोरीत पास झालेलं, धाड. आणि विश्राम, त्या जाड पुस्तकाचा दुसरा भाग निघतो का विचार. पहिला संपत आला आहे. पाकिटावर नाव माझं लिही, त्यांचं नको. त्यांना लाज वाटते.

सुगंधा